वीरगळ आणि प्रथमपुरुष

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ आहे. विमानतळाकडे जाणारा रस्ता, त्यावरचा उड्डाणपूल, पुलापाशी तुंबलेली वाहने आणि शेजारचे तळे एवढीच या स्थळाची ओळख आजच्या प्रवाशाला असते. २०१८ साली येथे गटाराच्या कामासाठी खोदाई चालू असता एक शिळा वर आली. तिच्यावर जुन्या कन्नड लिपीत काही ओळी कोरलेल्या होत्या. अभ्यासकांनी त्या वाचल्या, तेव्हा हा लेख गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, म्हणजे इ. स. ७५० च्या सुमाराचा असल्याचे दिसून आले. हेब्बाळचे त्या वेळचे नाव पेर्बोळल. राष्ट्रकूटांच्या बाजूने आक्रमण झाले, गावावर संकट आले, आणि किट्टय्य नावाचा एक पुरुष लढता लढता पडला, एवढा त्याचा आशय आहे. बंगळुरात आजवर सापडलेल्या कन्नड लेखांमध्ये हा सर्वांत प्राचीन मानला जातो. शहराच्या दक्षिण भागातील बेगूर येथे इ. स. ८९० च्या सुमाराचा आणखी एक लेख आहे. 'बेंगळूरु' हे नाव प्रथम आढळते ते त्या लेखात, आणि तेही एका लढाईचे नाव म्हणून. संगणकाच्या पडद्यावर दिवसभर शांतपणे बसणाऱ्या लाखो माणसांचे हे शहर इतिहासात प्रथम प्रवेश करते ते अशा दोन मृत्यूलेखांतून.

या शहरातील ज्या तरुणांचे दिवस पडद्यासमोर जातात, त्यांतील पुष्कळांच्या रात्रीही पडद्यासमोरच जातात. रात्री ते खेळतात. जे खेळतात त्यांत एक प्रकार असा आहे की, ज्याचा उल्लेख सुसंस्कृत माणसाने शक्यतो टाळावा असा संकेत आहे. हा प्रकार स्वस्त, भडक, अतिशयोक्तीला कोठेही मर्यादा नसलेला नेमबाजीचा खेळ. पडद्याच्या तळाशी दोन हात आणि एक बंदूक दिसते; समोरून राक्षस, सांगाडे, यंत्रपशू शेकड्यांनी धावून येतात; खेळणारा त्यांना गोळ्या घालीत मागे सरकत राहतो. कथानक जवळजवळ नसते. असलेच तर ते विनोदासाठी असते. अशा खेळाला वाङ्मयीन वा नैतिक विचाराच्या कक्षेत आणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्या गोष्टीत माणसे आपल्या आयुष्याचे हजारो तास आनंदाने घालवितात, ती विचाराच्या कक्षेबाहेर ठेवणे हा विचाराचाच संकोच होय. शिवाय प्रश्न जुना आहे. ज्यात कोणालाच इजा होत नाही अशा संहाराचा आनंद घेण्यात काही गैर आहे काय?

या प्रकाराची कुळकथा थोडक्यात सांगता येते. १९९२ मधील 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि १० डिसेंबर १९९३ रोजी आलेला 'डूम' या टेक्सासमधील एका छोट्या कंपनीच्या खेळांनी हे वळण घालून दिले. पुढे दशकभरात हे खेळ अधिकाधिक खर्चिक, गंभीर आणि वास्तवदर्शी होत गेले. अशा वेळी, मार्च २००१ मध्ये, क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथील 'क्रोटीम' या मंडळींनी 'सीरियस सॅम' हा खेळ बाजारात आणला. नावात गांभीर्य, आत त्याचा लवलेश नाही. इतर खेळ चाळीस-पन्नास डॉलरांना विकले जात असता हा वीस डॉलरांत मिळे. प्राचीन इजिप्तची विस्तीर्ण प्रांगणे, निळे आकाश, आणि क्षितिजावरून चौखूर उधळत येणारे बैलांचे कळप. त्यांतील एक आकृती तर या संपूर्ण प्रकाराचे बोधचिन्हच होऊन बसली आहे. तिला मस्तक नाही. दोन्ही हातांत बॉम्ब आहेत. ती खेळणाऱ्याच्या दिशेने धावत येते आणि धावताना अखंड किंचाळत असते. ज्याला तोंडच नाही तो किंचाळतो कसा, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडत नाही. तो हसतो आणि गोळी घालतो.

भारतीय वाचकाला मात्र या आकृतीपाशी थोडे थांबावे लागेल. मानवी बॉम्ब ही कल्पना दक्षिण भारताला विनोदातून समजलेली नाही. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली ती या मार्गाने; आणि त्या कटाचा सूत्रधार शिवरासन आपल्या साथीदारांसह मृतावस्थेत सापडला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, बंगळूरजवळच्या कोननकुंटे येथे. झाग्रेबच्या लोकांनाही युद्ध ऐकून माहीत होते असे नव्हे. मे १९९५ मध्ये त्यांच्या शहरावर अग्निबाण पडले होते. त्यावरून त्यांच्या खेळाच्या हेतूविषयी काही अनुमान काढणे अयोग्य ठरेल. एवढे मात्र म्हणता येईल की, हा खेळ हिंसेची झळ कधीच न लागलेल्या माणसांनी रचला, असे समजून त्याला मोडीत काढता येत नाही.

अशा खेळांवर सर्वांत प्रथम येणारा आक्षेप परिणामांचा असतो. मुले हे खेळतात, म्हणून हिंसक होतात. आक्षेप सोपा आहे, आणि सोपा असल्यामुळे तो वृत्तपत्रांना आवडतो. परंतु त्याची अवस्था आज फारशी बरी नाही. कॅलिफोर्निया राज्याने अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यावर घातलेले निर्बंध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्दबातल ठरविले. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या परीकथांतही क्रौर्य काही कमी नसते, याची आठवण त्या निकालपत्राने करून दिली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली. ओरडणे, ढकलणे अशा किरकोळ आक्रमकतेशी या खेळांचा काही संबंध दिसतो, परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचा दोष त्यांच्या माथी मारण्यास पुरेसा आधार नाही, असे तिने स्पष्ट केले. तेव्हा परिणामांचा युक्तिवाद बाजूला ठेवलेला बरा. तो बाजूला ठेवला की प्रश्न सुटतो असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो तेथे सुरू होतो. एखादे कृत्य कोणाचेही नुकसान न करता हीन असू शकते काय, हे अद्याप ठरायचे असते.

कांटने आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचा दृष्टान्त दिला आहे. निकामी झालेल्या इमानी कुत्र्याला जो गोळी घालतो, तो कुत्र्याविषयीचे कर्तव्य चुकवीत नाही, कारण कांटच्या मते तसे कर्तव्यच नसते. परंतु तो स्वतःतील माणुसकीला इजा करतो. या संदर्भात कांट हॉगार्थच्या १७५१ मधील चित्रमालिकेचाही उल्लेख करतो. तीत प्राण्यांच्या छळापासून सुरू झालेली वाट माणसाच्या खुनापर्यंत जाते. हा युक्तिवाद पडद्यावरील आकृतीला लागू करण्याचा मोह होतो. तथापि त्याची सगळी भिस्त साम्यावर आहे. कुत्रा माणसासारखा कण्हतो, डोळे वर करून पाहतो, म्हणून त्याच्याशी केलेली निर्दयता ही माणसाशी करावयाच्या निर्दयतेची तालीम ठरते. जेथे साम्य नाही, तेथे तालीम कशाची?

अतिशयोक्तीचे खेळ नेमके येथेच बचावासाठी उभे राहतात. त्यांचा दावा असा की, त्यांनी साम्य मुद्दामच मोडले आहे. 'सीरियस सॅम'मध्ये रक्ताचा रंग खेळणाऱ्याला निवडता येतो. तांबडे घ्यावे, हिरवे घ्यावे, मुळीच घेऊ नये. आणि एक पर्याय असा की, गोळी लागताच रक्ताऐवजी रंगीबेरंगी फुले उधळावीत. बंदूक तीच, नेम तोच, पडणारा तोच. उडतात ती फुले. या पर्यायावर कोणा तत्त्वज्ञाने प्रबंध लिहावयास हवा होता. कारण फुलांमुळे कृत्य बदलत असेल, तर दोष कृत्यात नव्हताच, केवळ रंगात होता. आणि बदलत नसेल, तर तांबड्या रक्ताविरुद्धची सगळी ओरड ही शिसारीची ओरड होती, नीतीची नव्हे. सरकारे व विक्रेते बहुधा पहिल्या पक्षाचे असतात. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये एका मोटारींच्या खेळात चिरडल्या जाणाऱ्या पादचाऱ्यांच्या जागी हिरव्या रक्ताची प्रेते आणली गेली. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'च्या जर्मन आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले. भारतात 'पब्जी मोबाइल'वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली; पुढच्या वर्षी तो नव्या नावाने परतला तेव्हा त्यात रक्त हिरवे झाले होते आणि 'मारले' या अर्थाच्या शब्दाची जागा 'संपविले' या अर्थाच्या शब्दाने घेतली होती. दोहोंत सौम्य कोणता, हे भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावे.

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार वेगळ्या अंगाने केलेला आहे. युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सुचवाव्यात, असा भरताचा दंडक आहे. त्याने तो घातला तो प्रेक्षक हिंसक होईल या भीतीने नव्हे. रसाच्या व्यवस्थेसाठी घातला. त्या व्यवस्थेत रौद्रापासून करुण उत्पन्न होतो असे मानलेले आहे. क्रोधाने हात उगारला की कोणीतरी पडतो, आणि पडलेल्याच्या भोवती कोणीतरी रडतो. रौद्राचे फळ करुणात आहे. आणि अभिनवगुप्ताने आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. कोणत्याही रसाचा नुसता आभास निर्माण झाला, म्हणजे तो अस्थानी वा अतिरेकी झाला, की त्याचे पर्यवसान हास्यात होते. अतिशयोक्तीचा खेळ हा रौद्राभास आहे. म्हणून तो खेळणारा हसतो, आणि त्याचे हसणे शास्त्रशुद्ध आहे! दिवाळीत टिकल्यांची पिस्तुले उडविणारी आणि मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडून शेजारच्या आळीशी लढाई पुकारणारी मराठी मुले याच आभासात रमत आलेली आहेत. त्यांना कोणी हिंस्र म्हटलेले नाही. कोकणातल्या दशावतारात राक्षस मोठ्याने आरोळी ठोकीत रंगणात येतो, तेव्हाही पुढच्या रांगेतली मुले आधी दचकतात आणि मग हसतात.

पण भरताचा प्रेक्षक पाहतो. येथला खेळणारा करतो. बंदुकीचा घोडा ओढल्यावाचून पुढचे दार उघडत नाही. साधारणीकरणात प्रेक्षक 'हे माझे' आणि 'हे परक्याचे' या दोन्ही जाणिवांतून सुटतो असे मानतात. प्रथमपुरुषी खेळात मात्र 'माझे' एवढेच उरते, इतके की स्वतःचा देहही दिसत नाही, दिसतात ते हात.

'प्रथमपुरुष' या शब्दातच एक गंमत आहे. इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने मराठी शाळांतून प्रथमपुरुष म्हणजे 'मी' असे शिकविले जाते. पाणिनीय परंपरेत मात्र 'मी' हा उत्तमपुरुष, 'तू' मध्यम, आणि प्रथमपुरुष म्हणजे 'तो'. क्रियापदाची रूपे सांगताना आधी 'तो' येतो, 'मी' शेवटी येतो. हेब्बाळची शिळा या जुन्या अर्थाने प्रथमपुरुषी आहे. तिच्यावर कोणी 'मी' बोलत नाही. तो लढला, तो पडला, असे मागे राहिलेल्यांनी लिहविलेले असते. वीरगळ स्वतःसाठी कोणी उभारीत नाही. ज्याच्यासाठी तो उभारला जातो तो नसतोच. खेळातला 'मी' मात्र कधी नाहीसा होत नाही. तो पडला की पडदा क्षणभर लाल होतो आणि काही पावले मागे तो पुन्हा उभा राहतो. ज्याच्या पडण्याला अखेर नाही, त्याच्यासाठी शिळा कोण उभारणार?

येथे वीरगळाच्या बाजूने फार उदार होण्याचेही कारण नाही. त्याने एकाला नाव दिले आणि बाकीच्यांना खडीत ढकलले. ज्यांच्याशी किट्टय्य लढला ते 'राष्ट्रकूटांकडचे' एवढेच उरले आहेत. मराठी वाचकाला हे विशेष जाणवावयास हवे, कारण राष्ट्रकूटांना तो आपल्या गौरवशाली पूर्वजांत मोजतो. या लेखानंतर थोड्याच वर्षांत त्याच घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचे कैलास लेणे डोंगरातून बाहेर आले. लेणे पाहून ज्याची छाती भरून येते, त्याने हेब्बाळला जाऊन उभे राहावे. तेथे तो धावून आलेल्या अनामिकांच्या बाजूचा असतो. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या प्रदेशात आले आणि बंगळूर त्यांची जहागीर झाली. त्या स्वारीत केंपेगौडाच्या बाजूने जे पडले त्यांची नावे मराठी इतिहासात शोधून सापडावयाची नाहीत. मुंबईच्या बोरिवलीजवळ एकसर येथे शिलाहारकालीन वीरगळ आहेत. त्यांवर नौकांचे युद्ध कोरलेले आहे, वल्ही आहेत, पाण्यात पडणारी माणसे आहेत. कोण कोणाशी लढले हे निश्चित सांगेल असा वाचता येण्याजोगा मजकूर त्यांवर उरलेला नाही. तेथे जिंकणारे आणि हरणारे दोघेही सारखेच अनाम झाले आहेत.

तेव्हा शत्रूला चेहरा नाकारणे हा काही खेळांनी लावलेला शोध नव्हे. खेळांच्या बाबतीत त्याचे एक साधे कारण आहे, आणि ते नीतीचे नसून हिशेबाचे आहे. एक आकृती घडविण्यास कारागिराचे कित्येक दिवस जातात. स्वस्तात खेळ विकावयाचा तर आकृती एकदाच घडवावी आणि तीच शंभर वेळा धाडावी. मस्तक नसलेल्या माणसाला तर मुद्राभिनयही द्यावा लागत नाही. चेहरा ही खर्चाची बाब आहे. कलेत ती नेहमीच तशी होती. शिल्पी वीराला मोठा कोरतो आणि त्याच्या पायाशी लहान लहान देह एकसारखे रचतो, ते त्याच्या हृदयात द्वेष असतो म्हणून नव्हे. बंगळूरचे याबाबतचे ज्ञान प्रत्यक्षातले आहे. 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' या १९९७ मध्ये येथे सुरू झालेल्या कंपनीने दोन दशके परदेशी खेळांसाठी अशी घडणावळ केली. २०१९ मध्ये ती 'रॉकस्टार' या मोठ्या कंपनीने विकत घेतली. ज्यांच्या नावावर खेळ खपतात त्यांच्या यादीत पिंपे, भिंती, मोटारी, झाडे आणि पडावयाची माणसे घडविणारे हे हात क्वचितच लक्षात येतात. त्यांनाही वीरगळ नाही.

चेहऱ्याचा खर्च करणारे खेळही आहेत. २०२० मधील 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागावर वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. त्यात शत्रूला नाव आहे. एक पडला की त्याचा सोबती त्याला हाक मारतो. कुत्र्यांनाही नावे आहेत. समीक्षकांनी याला नैतिक प्रगती म्हटले. परंतु हाक ऐकूनही खेळणाऱ्याला दुसरा मार्ग दिलेला नसतो. मारल्याशिवाय कथा पुढे जात नाही, आणि मारल्यावर कथाच त्याला अपराधी ठरविते. ही करुणेची सक्ती आहे. न्यायाच्या दृष्टीने पाहता त्यापेक्षा वीस डॉलरांचा गावठी विनोद सरळ वाटतो. तो पश्चात्ताप विकत नाही.

याहून गंभीर तक्रार करावी लागते ती वास्तवाशी नाते सांगणाऱ्या खेळांबद्दल. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. सप्टेंबरमध्ये, पब्जीवरील बंदीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बंगळूरच्या 'एनकोअर गेम्स'चा 'फौजी' या अर्थाचे नाव धारण करणारा 'फौ-जी' हा खेळ जाहीर झाला, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो लोकांच्या हाती आला. त्याची पहिली कथा गलवानचीच होती. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला देण्याची घोषणाही झाली होती, आणि ती प्रामाणिक नव्हती असे म्हणण्यास आधार नाही. तरीही ज्या घरांत अजून वर्षश्राद्धही झालेले नव्हते, त्या घरांतल्या मृत्यूचे स्थळ दुसऱ्या घरात अंगठ्याने खेळण्याची जागा झाले. मस्तकहीन आकृती कोणाच्याच घरची नाही. तिच्यासाठी कोणी हंबरडा फोडलेला नाही. या दोहोंत निवड करावयाची तर अतिशयोक्तीचा खेळ अधिक निर्मळ म्हणावा लागेल. आणि सुसंस्कृत समाज नेमका उलटा निवाडा देतो, देशभक्तीला आदराने आणि भडकपणाला तिरस्काराने वागवितो, हे त्याच्या विवेकाचे लक्षण नसून अभिरुचीचे लक्षण आहे.

एवढे मान्य करूनही त्या किंकाळीचा प्रश्न उरतो. मराठी मनाला धडावेगळ्या मस्तकाची एक कथा पाठ आहे. १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाशी झुंजताना मुरारबाजी देशपांडे पडले. शिर तुटल्यावरही त्यांचे धड लढत राहिले, असे परंपरा सांगते. हीसुद्धा अतिशयोक्तीच. परंतु ती एका नाव असलेल्या माणसाला मरणापलीकडे चार पावले अधिक चालविते. तिच्यामागे त्याला जाऊ न देण्याची इच्छा आहे. झाग्रेबच्या धडाला मागे कोणी नाही. त्याची किंकाळी कशासाठी आहे? खेळ रचणाऱ्यांच्या दृष्टीने तिचा उपयोग अगदी व्यावहारिक आहे. प्रांगण विस्तीर्ण असते, शत्रू पाठीमागूनही येतो; किंकाळी कोणत्या बाजूने वाढते आहे यावरून खेळणाऱ्याने वळावे, अंतर ओळखावे, नेम धरावा. ती वेदना नाही आणि धमकीही नाही. ती सूचना आहे. कानाला आर्त वाटणारा आवाज ऐकून अवघ्या अर्ध्या क्षणात त्याची दिशा मोजावयाची आणि आर्ततेचा भाग सोडून द्यावयाचा, हे कौशल्य तेथे शिकविले जाते. चांगला खेळाडू तो, जो किंकाळीतून फक्त अंतर ऐकतो.

हे कौशल्य खेळाबाहेर येते असे म्हणणे पुन्हा परिणामांच्या युक्तिवादात शिरणे होईल. कदाचित ते उलट दिशेने आत गेले असावे. हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली सायंकाळी उभे राहिले तर रुग्णवाहिकेचा भोंगा दर थोड्या वेळाने ऐकू येतो. वाहनचालक आरशात पाहतात, भोंगा कोणत्या मार्गिकेतून येतो आहे याचा अंदाज घेतात, जागा असेल तर चार वीत सरकतात, आणि काही धूर्त चालक तिच्या मागोमाग मोकळी वाट पकडतात. आत कोण आहे हा प्रश्न मनात येण्यास तेवढा वेळ नसतो. यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात पडद्यावर एकही गोळी झाडलेली नसेल. भोंग्याचे माहितीत रूपांतर करावयास त्यांना कोणत्याही खेळाने शिकविलेले नाही. ते शहराने शिकविले, आणि शहराचा तो धडा गिरवूनच अशा खेळांची रचना झाली असेल.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये खांडवदाहनाकडे वाचकांचे लक्ष वेधले होते. अर्जुन आणि कृष्ण रानाला आग लावतात आणि बाहेर पळणाऱ्या प्रत्येक जिवाला बाणांनी परत आत लोटतात. महाभारतातला हा प्रसंग अतिशयोक्तीच्या खेळाच्या सर्वांत जवळ जाणारा आहे. संख्या अगणित, धनुर्धर दोघेच, आणि त्यांना खरचटतही नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायातले विश्वरूपही तसेच अतिरेकी आहे. योद्धे ज्वालांत पतंग शिरावेत तसे मुखांत शिरताना दिसतात, आणि हे सारे आधीच मारलेले आहेत, तू निमित्त हो, असे अर्जुनाला सांगितले जाते. खेळातला शत्रूही या अर्थाने आधीच मारलेला असतो. त्याचे पडणे लिहून ठेवलेले आहे, खेळणारा निमित्त. फरक एवढाच की, अर्जुन ते पाहून थरथरतो आणि नेहमीचे रूप पुन्हा दाखवावे म्हणून विनवितो. त्यानंतर युद्ध होते, आणि महाभारतकार युद्धाबरोबर थांबत नाही. तो स्त्रीपर्व लिहितो. रणांगणात स्त्रिया येतात, तुटलेले अवयव जुळवून पाहतात, कोण कोणाचे ते ओळखू पाहतात. चेहरा देण्याचे हे काम तेव्हा होते जेव्हा तो देऊन काही उपयोग उरलेला नसतो. स्वस्त खेळांत तर पडलेले देह काही क्षणांनी विरघळून नाहीसे होतात, कारण यंत्राला त्यांचा भार सोसत नाही. स्त्रीपर्वासाठी रणांगणावर काही शिल्लक राहत नाही.

मिथिक सोसायटी ही १९०९ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची संस्था. अलीकडच्या काळात तिने शहराच्या परिसरातील शिलालेखांच्या त्रिमितीय नोंदी करण्याचे काम हाती घेतले आहे, आणि हेब्बाळची शिळा त्यांत आहे. शिळेवरून प्रकाशाचा झोत फिरवून तिचा प्रत्येक उंचसखलपणा मोजला जातो आणि संगणकात बारीक त्रिकोणांच्या जाळीने तिची प्रतिकृती उभी राहते. मस्तकहीन आकृतीही अशाच त्रिकोणांची असते. फक्त तिचे त्रिकोण थोडे असतात आणि या शिळेचे असंख्य. दोन्ही ठिकाणी पडदा तोच, आणि आकृती फिरविणारा हातही बहुधा त्याच वयाचा, त्याच शहरातला. अभ्यासक त्या प्रतिकृतीवर कृत्रिम प्रकाश तिरपा पाडतो, तो हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवितो. झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावल्या येतात आणि ती वाचता येऊ लागतात. किट्टय्याचे नाव तेथे आहे. त्या दिवशी त्याच्या हातून कोणी पडले असेल, तर त्याचे नाव कोणत्याही कोनातून प्रकाश टाकला तरी उमटत नाही.